मुलांना प्राणिसंग्रहालय दाखवायला नेताय? मग कमी प्राणी बघा, पण नीट बघा

सुट्टीचा दिवस. तिकिटाची रांग संपते, फाटकातून आत शिरतो आणि पुढचं चित्र जवळपास ठरलेलं असतं.

"तो बघ वाघ! दिसला का? झोपलाय. चल, आता सिंह बघू. पाय उचल, अजून हत्ती राहिलाय."

दोन तासांत सगळी बाग फिरून होते. मोबाइलमध्ये ढीगभर फोटो जमतात, त्यातल्या निम्म्यांत जाळी जास्त आणि प्राणी कमी. बाहेर आलं की भेळ, आइस्क्रीम आणि घर. रात्री आजी विचारते, "काय काय पाहिलंस रे?" उत्तर येतं, "वाघ, सिंह, हत्ती, माकड."

गंमत अशी, की ही यादी त्याला बालवाडीतल्या तक्त्यावरून आधीच पाठ होती. मग इतक्या लांब जाऊन, उन्हात पायपीट करून त्याला नवीन काय कळलं?

हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. मूल खूश आहे ना, मग झालं. खूश व्हायलाच हवं, त्यात काही वाद नाही. पण जिवंत प्राणी समोर असणं ही टीव्ही किंवा यूट्यूब देऊ शकत नाही अशी गोष्ट आहे. तिचा उपयोग करून घ्यायचा तर मोठ्यांनी काही साध्या गोष्टी बदलाव्या लागतात. त्या कोणत्या, तेच बघू.

पाहिलं म्हणजे शिकलं, असं असतं का?

या प्रश्नाचं उत्तर शोधायचा एक प्रयत्न लंडनमध्ये झालाय. लंडन झूला भेट देणाऱ्या ७ ते १५ वर्षांच्या सुमारे २,८०० शाळकरी मुलांचा अभ्यास एरिक जेन्सन या समाजशास्त्रज्ञाने केला. २०१४ साली तो 'कॉन्झर्वेशन बायोलॉजी' या संशोधन नियतकालिकात छापून आला.

पद्धत अगदी साधी होती. बाग बघण्याआधी मुलांना एक चित्र काढायला सांगितलं. आवडीची एखादी जंगली जागा आणि तिथे राहणारे प्राणी, झाडं. बाग बघून झाल्यावर पुन्हा तेच चित्र. मग दोन्ही चित्रं शेजारी ठेवून पाहिलं, की मुलाच्या समजुतीत काही फरक पडला का.

झूमधल्या शिक्षकांसोबत फिरलेल्या मुलांपैकी ४१ टक्के मुलांच्या चित्रांत काहीतरी नवीन शिकल्याच्या खुणा दिसल्या. अशा शिक्षकांशिवाय फिरलेल्या मुलांत हेच प्रमाण ३४ टक्के निघालं. काही मुलांच्या चित्रांत तर सुधारणा होण्याऐवजी घसरण दिसली.

यातून तीन गोष्टी कळतात. बाग बघून मुलं शिकतात, हे खरं. सगळी मुलं आपोआप शिकत नाहीत, हेही खरं. आणि सोबत कोणी नीट समजावून सांगणारं असेल, तर फरक पडतो.

आपल्याकडे बहुतेक कुटुंबं आपली आपणच फिरतात. म्हणजे हे समजावणारं माणूस कोण? तर तुम्ही. आई, बाबा, मामा, आत्या, जे कोणी सोबत असेल ते. त्यासाठी प्राणिशास्त्राची पदवी लागत नाही. मुलासोबत थांबायची तयारी लागते.

निघण्याआधी घरी पंधरा मिनिटं

पहिलं काम म्हणजे प्राणी निवडणं. पन्नास नाही, फक्त चार. दोन मुलाने निवडायचे, दोन तुम्ही. मूल वाघ आणि हत्ती म्हणेल, हे धरून चाला. तुम्ही मुद्दाम असे दोन निवडा ज्यांच्यासमोर कोणी थांबत नाही. मगर, कासव, साळिंदर, घुबड, काहीही. बाकीचे प्राणी वाटेत दिसतीलच. पण थांबायचं ते या चौघांपुढे.

दुसरं काम, लंडनसारखंच, चित्र. "मगर कुठे राहते, काय खाते, तिच्या आजूबाजूला काय असतं, ते काढ." चित्र कसंही आलं तरी दुरुस्त करू नका. ते जपून ठेवा, परत आल्यावर लागणार आहे.

तिसरं, वेळ. बाग उघडते तेव्हा पोहोचलात तर उत्तम. भर दुपारी बहुतेक प्राणी सावलीत पडून असतात आणि मुलंही चिडचिडी होतात. पुण्याचं कात्रजचं प्राणिसंग्रहालय आणि मुंबईची राणीची बाग, दोन्हीकडे बुधवारी सुट्टी असते. कुठेही जाणार असाल तरी वार आणि वेळ आधी बघून घ्या. फाटकापाशी जाऊन परत फिरण्यासारखं दुःख मुलांच्या लेखी दुसरं नाही.

चौथं, आणि सगळ्यात महत्त्वाचं. मुलाला आधीच सांगून ठेवा, "वाघ झोपलेला असू शकतो. तो दिसणारच नाही, असंही होऊ शकतं. तो आपल्यासाठी नाच करायला बसलेला नाही." वाघ-सिंह दिवसाचा मोठा भाग पडून काढतात, जंगलातसुद्धा. शिकारीला ताकद लागते, ती वाचवायची असते. हे आधी कळलं, की झोपलेला वाघ बघून मुलाचा हिरमोड होत नाही. उलट तो मान कशी ठेवतो, कान कधी हलवतो, याकडे लक्ष जातं.

सोबत एक छोटी वही आणि पेन्सिल घ्या. मोबाइल एकाच मोठ्या माणसाच्या हातात राहू द्या.

एका प्राण्यापुढे दहा मिनिटं

दहा मिनिटं ऐकायला कमी वाटतात. प्रत्यक्षात पिंजऱ्यापुढे ती खूप मोठी असतात. पहिल्या मिनिटात मूल म्हणतं, "बघितला, चला." तिथे उठू नका. तिसऱ्या मिनिटाला त्याला शेपटी दिसते. पाचव्या मिनिटाला ते काहीतरी विचारतं. खरी सुरुवात तिथून होते.

आता प्रश्न कसे विचारायचे? "याचं नाव काय?" हा प्रश्न संपवणारा प्रश्न आहे. नाव सांगितलं, विषय संपला. त्याऐवजी शरीराकडे बघायला लावणारे प्रश्न विचारा.

डोळे कुठे आहेत? वाघ, बिबट्या, घुबड यांचे डोळे समोर असतात. चितळ, ससा यांचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. असं का? ज्याला सावजावर नेमकी झडप घालायची आहे, त्याला अंतराचा अंदाज हवा. त्यासाठी दोन्ही डोळे समोर असलेले बरे. ज्याला पळून जीव वाचवायचा आहे, त्याला चहूबाजूंचं दिसायला हवं. हे तुम्ही सांगू नका. "आपले डोळे कुठे आहेत? मग सशाचे तिकडे का असतील?" एवढं विचारा आणि थांबा.

अंगाचा रंग असा का? हिरव्या जंगलात नारिंगी वाघ लपतो कसा, हा प्रश्न पाचवीतल्या मुलालाही चक्रावतो. उत्तर वाघात नाही, हरणाच्या डोळ्यात आहे. हरणांना लाल-नारिंगी रंग आपल्यासारखे वेगळे ओळखता येत नाहीत. आपल्याला नारिंगी दिसणारा वाघ त्यांना झाडोऱ्यासारखाच हिरवट दिसतो. वरून काळे पट्टे म्हणजे गवताच्या सावल्या. वाघ उघड्यावर बसलाय असं आपल्याला वाटतं, हरणाला नाही.

तोंड असं का? मगर तासन् तास जबडा उघडा ठेवून पडलेली असते. लोकांना वाटतं ती खोटी आहे, नाहीतर कोणाची तरी वाट बघतेय. खरं तर ती अंगातली उष्णता बाहेर टाकत असते, साधारण कुत्रा जीभ काढून धापा टाकतो तसं. अस्वलाला पुढचे वरचे दोन दात नसतात. त्या फटीतून ते वाळवी आणि मुंग्या सुर्रकन ओढून घेतं, आणि ओढताना धूळ जाऊ नये म्हणून नाकपुड्या मिटून घेतं. हे सांगितलं की पुढचा अर्धा तास मूल नाक मिटायचा प्रयत्न करत राहतं. करू द्या. हे ते विसरणार नाही.

आणि हो, शी. मुलांचं लक्ष तिकडे जाणारच. "शी! चल इथून" म्हणून ओढून नेऊ नका. चितळाच्या लेंड्या आणि हत्तीची लीद बघून प्राणी काय खातो, किती खातो याचा अंदाज येतो. जंगलात वाघ मोजायला जाणारे वनकर्मचारी त्याची विष्ठा आणि पावलांचे ठसे बघूनच माग काढतात.

मुलाने उत्तर दिलं, की लगेच "बरोबर" किंवा "चूक" म्हणू नका. "कशावरून?" असं विचारा. या एका शब्दाने मूल पुन्हा प्राण्याकडे बघतं. आणि तुम्हाला उत्तर येत नसेल तर "मलाही माहीत नाही, लिहून ठेव, घरी शोधू" म्हणा. वही त्यासाठीच आहे.

मोठ्यांच्या तोंडून पसरणाऱ्या चुका

पिंजऱ्यापुढे पाच मिनिटं उभं राहून लोकांचं बोलणं ऐकलं, की एक गोष्ट लक्षात येते. चुकीची माहिती मुलांना बहुतेक वेळा मोठ्यांकडूनच मिळते. त्यातल्या काही नेहमीच्या चुका अशा.

बिबट्याला चित्ता म्हणणं. ही सगळ्यात मोठी. बिबट्याच्या अंगावर फुलासारखे, मध्ये पोकळ ठिपके असतात. चित्त्याचे ठिपके भरीव आणि गोल असतात, आणि डोळ्यापासून तोंडापर्यंत अश्रू ओघळल्यासारखी काळी रेघ असते. चित्ता भारतातून नामशेष झाल्याचं १९५२ साली जाहीर झालं. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आणलेले आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोमध्ये सोडले, तेव्हा तो पुन्हा या मातीवर आला. आपल्या गावच्या उसात दिसतो तो चित्ता नव्हे, बिबट्या.

सगळे पेंग्विन बर्फात राहतात, असं सांगणं. राणीच्या बागेत २०१६ साली दक्षिण कोरियातून आणलेले पेंग्विन हम्बोल्ट जातीचे आहेत. त्यांचं मूळ घर दक्षिण अमेरिकेतल्या पेरू आणि चिलीचा किनारा. तिथे बर्फ नाही, कोरडा खडकाळ किनारा आहे. पण समोरच्या समुद्रात थंड पाण्याचा प्रवाह वाहतो आणि त्यात त्यांचे मासे असतात. "मग मुंबईत त्यांना एसी का लागतो?" असं मुलाने विचारलं, तर समजा की भेट सार्थकी लागली.

पांढरा वाघ म्हणजे वेगळी जात, असं समजणं. छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातले पांढरे वाघ बघायला गर्दी होते. "हा बर्फातला वाघ" असंही कोणीतरी सांगत असतं. पांढरा वाघ म्हणजे आपला पट्टेरी वाघच. आई आणि वडील दोघांकडून एक विशिष्ट जनुक आलं, की पिल्लू पांढरं होतं. १९५१ साली रेवाच्या जंगलात 'मोहन' नावाचा पांढरा बछडा पकडला गेला. आज पिंजऱ्यात असलेले बहुतेक पांढरे वाघ त्याच्याच वंशातले आहेत. रंग टिकवण्यासाठी जवळच्या नात्यात जोड्या लावल्या गेल्या आणि त्यातून काही दोष पुढच्या पिढ्यांत आले. दिसायला देखणं आणि तब्येतीला चांगलं, या दोन गोष्टी एक नसतात, हे दहा-बारा वर्षांच्या मुलाला नीट समजतं.

सगळ्यांना हरीण म्हणणं. चितळ आणि सांबर यांच्या नराची फांद्या फुटलेली शिंगं दर वर्षी गळतात आणि नवी येतात. काळविटाची पिळाची शिंगं आयुष्यभर राहतात. चितळाच्या कळपात बिनशिंगाचा नर दिसला, तर त्याला कोणी मारलेलं नाही. त्याचा तो हंगाम आहे.

आणि वानराला माकड म्हणणं. काळं तोंड आणि लांबलचक शेपूट असेल तर वानर. तांबूस तोंडाचं ते माकड. गावाकडच्या आजीला हा फरक विचारा, ती पटकन सांगेल.

सापांसमोर मात्र जास्त वेळ थांबा

कात्रजचं सर्पोद्यान १९८६ साली सुरू झालं. आजही तिथे आलेली बरीचशी मंडळी "बाई गं!" म्हणत झपाझप पुढे जातात. खरं तर महाराष्ट्रातल्या मुलासाठी संपूर्ण भेटीतला सगळ्यात उपयोगी भाग हाच. वाघ त्याला आयुष्यात कदाचित पुन्हा दिसणार नाही. साप शेतात, परसात, मामाच्या गावाला दिसणार आहे.

भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने दर वर्षी सरासरी ५८ हजार माणसं दगावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मांडला गेला. हे मृत्यू जास्त करून खेड्यांत होतात. म्हणजे हा नुसता सामान्यज्ञानाचा विषय नाही.

मुलाला चार नावं आणि चार चेहरे ओळखता यावेत. नाग, मण्यार, घोणस, फुरसे. आपल्याकडचे बहुतेक जीवघेणे दंश या चौघांचे. नागाचा फणा, मण्यारीच्या काळ्या अंगावरचे पांढरे आडवे पट्टे, घोणसीच्या पाठीवरची साखळी आणि आकाराने लहान पण खवल्यांचा करकर आवाज करणारं फुरसं. मग धामण, दिवड आणि अजगर दाखवा. हे बिनविषारी. धामण उंदीर खाते, म्हणजे शेतकऱ्याचं धान्य वाचवते. तरीही नाग समजून ती मारली जाते.

इथेच दोन-तीन जुन्या समजुतीही निकालात काढा. साप दूध पीत नाही. त्याला बाहेरचे कान नसतात, तो पुंगीच्या सुरावर डोलत नाही, समोर हलणाऱ्या पुंगीवर नजर ठेवतो. त्याची दुभंगलेली जीभ डसण्यासाठी नसते, वास घेण्यासाठी असते. तो सूड घेत नाही.

पण एक सावधगिरी घ्या. "हा बिनविषारी आहे" हे शिकवताना "म्हणून हात लावला तरी चालतो" असा अर्थ मुलाने घेऊ नये. नियम एकच सांगा. साप दिसला, की थांबायचं, मागे सरकायचं, मोठ्यांना हाक मारायची. आणि कोणाला चावलाच तर कापणं, चोखणं, घट्ट आवळून बांधणं, मांत्रिक यातलं काहीही नाही. थेट दवाखाना. प्रतिविष तिथेच मिळतं.

बिबट्यासमोरही असाच धडा आहे. जुन्नर, आंबेगाव, शिरूर या भागातल्या मुलांना तर तो ओळखीचाच. पिंजऱ्यातला बिबट्या झाडाच्या सावलीत बसला, की चार हातांवर असूनही पटकन दिसत नाही. "शोध बघू" म्हणा. दोन मिनिटं शोधल्यावर मुलाला आपोआप कळतं, की उसाच्या फडाजवळ अंधारात एकट्याने का जायचं नाही, टॉर्च का हवा, आणि बोलत-बोलत का चालायचं.

"आई, याने काय केलं म्हणून याला कोंडलंय?"

हा प्रश्न येतो. बहुतेक वेळा वाघाच्या किंवा माकडाच्या पिंजऱ्यापुढे येतो. "अरे, मजेत आहे तो, आयतं खायला मिळतं" असं म्हणून तो टाळू नका. मूल प्रामाणिक प्रश्न विचारतंय, त्याला प्रामाणिक उत्तर द्या.

खरं उत्तर असं आहे. काही प्राणी प्राणिसंग्रहालयातच जन्मले आहेत आणि त्यांना जंगलात जगायची सवय नाही. काही जखमी किंवा अनाथ अवस्थेत सापडलेले असतात. आणि काही केवळ लोकांना बघता यावेत म्हणून ठेवलेले असतात. ते बरोबर की चूक, यावर मोठ्या माणसांतही वाद आहे. मुलाला हा वाद ऐकू द्या.

दुसरी बाजूही सांगा. आसाममध्ये जेमतेम २५ सेंटीमीटर उंचीचं एक रानडुक्कर आहे, पिग्मी हॉग. ते संपायच्या मार्गावर होतं. १९९६ साली मानसच्या जंगलातून पकडलेल्या सहा जनावरांपासून पैदास सुरू झाली आणि २००८ पासून त्यांची पिल्लं पुन्हा गवताळ रानात सोडली जाऊ लागली. म्हणजे कोंडून ठेवणं हे कधीकधी वाचवणंही असतं. फरक कुठे, तर त्यांना शेवटी परत सोडायचं ठरलं होतं की नाही, यात.

मुलाला आणखी एक गोष्ट बघायला शिकवा. एखादा प्राणी एकाच रेषेत पुन्हा पुन्हा येरझाऱ्या घालतोय का? हत्ती एका जागी उभा राहून सारखा झुलतोय का? लोक म्हणतात, "बघ, नाचतोय!" तो नाचत नसतो. कंटाळा, ताण किंवा कोंडलेपणातून अशी सवय लागते. उलट ज्या पिंजऱ्यात ओंडके, पाणी, लपायला आडोसा आणि शोधून खायची सोय आहे, तिथला प्राणी कसा वागतो, तेही दाखवा. तुलना मुलालाच करू द्या.

पुण्यात तर ही तुलना घरातच होऊ शकते. आजी-आजोबांना विचारा, पेशवे पार्कात वाघ कसा ठेवला होता? शहराच्या मधोमध असलेल्या त्या लहान पिंजऱ्यांतून प्राणी पुढे कात्रजला हलवले गेले. 'फुलराणी'त बसलेल्या पिढीला ते पिंजरे आठवतात. पन्नास वर्षांत माणसांचं प्राण्यांविषयीचं मत कसं बदललं, याचा याहून चांगला धडा पुस्तकात मिळणार नाही.

वेफर्स, आरोळ्या आणि काचेवरची टकटक

इथे मुलं नाही, मोठे परीक्षेला बसलेले असतात.

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मधलं कलम ३८ जे अगदी स्पष्ट आहे. प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्याला चिडवणं, इजा करणं, खायला घालणं, आवाज करून त्रास देणं आणि आवारात कचरा करणं, सगळ्याला मनाई आहे. नुसती सूचना नाही, गुन्हा आहे. तरीही माकडाला वेफर्स टाकणारे आणि झोपलेल्या वाघाला "ए, ऊठ!" म्हणून ओरडणारे प्रत्येक रविवारी भेटतात.

मुलाला कारण सांगा. माकडाच्या पोटाला मीठ-तेल झेपत नाही. हरणाने चघळलेली प्लास्टिकची पिशवी त्याच्या पोटात अडकून बसते. काचेवरची आपली टकटक आपल्यासाठी एकदाच असते, आतल्या सापासाठी ती दिवसभर चालू असते. "तू झोपलेला असताना दर मिनिटाला कोणी दार वाजवलं तर?" हे चार वर्षांच्या मुलालाही कळतं.

शेजारचं कोणी असं करत असेल, तर शांतपणे "दादा, त्यांना खायला घालू नका" म्हणा किंवा सुरक्षारक्षकाला सांगा. त्या क्षणी मुलाने तुमच्याकडून जे शिकलं, ते माहितीफलकावर लिहिलेलं नसतं.

वयाप्रमाणे अपेक्षा ठेवा

तीन ते पाच वर्षांच्या मुलाला जातींची नावं आणि खंडांची नावं नकोत. त्याला आवाज, चाल, आकार पुरेसा आहे. "बदकासारखं चालून दाखव", "अजगर तुझ्यापेक्षा लांब आहे का?" तासाभरात ते दमेल. दोन प्राणी नीट बघितले, तरी भरपूर झालं.

सहा ते नऊ वर्षांची मुलं 'का' विचारणारी. वर दिलेले डोळे-दात-रंगाचे प्रश्न त्यांच्यासाठी. वहीत प्रत्येक प्राण्याची एकच गोष्ट काढायला सांगा. फक्त पंजा, फक्त चोच, फक्त शेपूट.

दहाच्या पुढच्या मुलांना माहितीफलक स्वतः वाचू द्या आणि त्यातली एक गोष्ट तुम्हाला समजावून सांगायला लावा. पिंजरा चांगला की वाईट, तुला अधिकार दिला तर काय बदलशील, हे विचारा. प्राण्यांची देखभाल करणारे कर्मचारी मोकळे दिसले, तर मुलालाच नमस्कार करून एक प्रश्न विचारू द्या. रोज त्या प्राण्याजवळ असणारा माणूस जे सांगेल, ते गुगलवर सापडत नाही.

आणि कोणी घाबरलं, रडलं तर जबरदस्तीने पिंजऱ्यापुढे उभं करू नका. लांबून बघणंही बघणंच असतं.

घरी आल्यावर

त्याच दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी. ते पहिलं चित्र बाहेर काढू नका. कोरा कागद द्या आणि तेच पुन्हा काढायला सांगा. मग दोन्ही शेजारी ठेवा. पहिल्या चित्रात मगर हिरवी, हसरी आणि गवतावर उभी असेल. दुसऱ्यात तिचे डोळे डोक्याच्या वर आले असतील, अर्धं अंग पाण्यात गेलं असेल, जबडा उघडा असेल. एवढाच फरक असला, तरी मूल शिकलं. काहीच फरक नसेल, तर रागावू नका. पुढच्या वेळी चारऐवजी दोनच प्राणी निवडा.

वहीत लिहिलेले प्रश्न आठवड्याभरात एकेक करून शोधा. सगळे एका बैठकीत नकोत.

पुढची भेट सहा महिन्यांनी ठेवा, आणि तेच चार प्राणी पुन्हा बघा. चितळाची गळालेली शिंगं परत आली असतील, मोराचा पावसाळ्यानंतर झडलेला पिसारा नव्याने फुटत असेल. प्राणी तक्त्यावरच्या चित्रासारखा कायम एकसारखा नसतो, हे मुलाला दुसऱ्या भेटीतच कळतं.

तोपर्यंत काय? तोपर्यंत ट्यूबलाइटजवळची पाल आहे. तिच्यासमोर दहा मिनिटं थांबा आणि विचारा, "ही छताला उलटी चालते, पडत का नाही?"